चिमणराव बीडास उशिरां पोहोंचले

एकदां पाहिलेलें नाटक दुसऱ्यांदा पाहूं नये, असें म्हणणारा मनुष्य महाराष्ट्रांत सहसा भेटावयाचा नाहीं. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीनें 'मानापमान' किंवा 'एकच प्याला' हीं नाटकें पुढें काय होणार या उत्सुकतेनें पाहिलीं नाहींत. कथानक त्यांस तोंडपाठ होतें आणि पदें तर त्याहून अधिक. तरी गाडी जुंपून, वाटेंत मुक्काम करून हे लोक जात, ते बालगंधर्वांस पुन्हां एकदां पाहण्यासाठीं. बालगंधर्व १९६७ सालीं गेले. त्यांच्या गाण्याच्या तबकड्या राहिल्या. परंतु रंगभूमीवरची त्यांची भामिनी आणि सिंधु ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिली, त्यांच्याबरोबर तीहि नाहींशी झाली. आवडता नट पुन्हां पाहण्याची तृष्णा ही अशी जुनीच आहे. नवें आहे तें इतकेंच कीं, गेल्या चाळीसएक वर्षांत ती घरबसल्या भागवितां येऊं लागली.

हल्लीं पुष्कळ घरांतून एक तक्रार कानावर येते. आजोबा 'रामायण' पुन्हां लावतात, आजी शेजारीं येऊन बसते, आणि नातवंडें म्हणतात, "आजोबा, सीता परत येणार हें ठाऊक असतांना तुम्ही पुन्हां काय पाहतां?" त्याच नातवंडांचे आईबाप रात्रीं जेवणें आटोपल्यावर 'श्रीयुत गंगाधर टिपरे'चे वीस वर्षांपूर्वींचे भाग लावून बसतात, हें मात्र त्या मुलांच्या ध्यानांत येत नाहीं. तेव्हां ही खोड म्हाताऱ्यांची नव्हे, घराची आहे. या खोडीचा बीड जिल्ह्यांतील इतिहास पुण्यामुंबईच्या इतिहासाहून थोडा निराळा आहे, आणि तो तेथील वाचकांच्या लक्षांत सहसा येत नाहीं, म्हणून हा लेख.

दिल्लीस दूरदर्शनचें प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजीं सुरू झालें. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं उघडलें, आणि पुढच्या वर्षीं सिंहगडावरील मनोऱ्यामुळें पुण्यासहि तें दिसूं लागलें. मराठी दूरदर्शनचें सुवर्णयुग म्हणून ज्याचें वर्णन नेहमीं वाचावयास मिळतें, तें मुख्यतः या दोन शहरांचें आणि त्यांच्या आसपासच्या मुलुखाचें सुवर्णयुग होय. बीड जिल्हा त्या टापूच्या पुष्कळच बाहेर. १९७५-७६ सालीं उपग्रहाच्या साहाय्यानें सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत दूरदर्शन दाखविण्याचा मोठा प्रयोग झाला. त्या सहा राज्यांतहि महाराष्ट्र नव्हता. त्यामुळें त्या दशकाच्या उत्तरार्धांत मुंबई केंद्रानें चि. वि. जोशी यांच्या कथांवरून चिमणराव व गुंड्याभाऊ यांची मालिका दाखविली, दिलीप प्रभावळकर यांनीं चिमणराव आणि बाळ कर्वे यांनीं गुंड्याभाऊ उभा केला, आणि पुण्याच्या पेठांतून त्या वेळीं रस्ते ओस पडूं लागले, तेव्हां बीडकरांस त्याचा पत्ता नव्हता.

पत्ता नव्हता तो मालिकेचा, चिमणरावांचा नव्हे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. शाळेंत उर्दूचें वर्चस्व, म्हणून मराठी पुस्तकाची ओढ येथें कांकणभर अधिकच असे. चि. विं.चीं पुस्तकें वाचनालयांतून घरीं येत आणि रात्रीं कंदिलाशीं बसून कोणी तरी मोठ्यानें वाचून दाखवी. शिवाय १९४० च्या 'लग्न पहावें करून' या चित्रपटांत दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले होते; ज्यांनीं तो पाहिला होता त्यांच्या मनांतील चिमणरावांस दामुअण्णांची तिरळी नजर कायमची चिकटली. अशा घरांतलीं मुलें मे महिन्याच्या सुट्टींत पुण्यास काकांकडे किंवा मामांकडे जात, तेथें दूरदर्शनवर चिमणराव पाहत, आणि परत आल्यावर अंगणांत बसून सगळा भाग नकलेसह करून दाखवीत. ऐकणाऱ्या भावंडांनीं प्रभावळकरांस पाहिलें तें असें, चुलतभावाच्या अंगांत. त्या मुलाच्या नकलेंत प्रभावळकर किती आणि तो स्वतः किती, हें कोण सांगणार?

पुढें १९८४-८५ च्या सुमारास देशभर लहान प्रक्षेपकांचें जाळें पसरलें, आणि घरांच्या गच्चीवर लांबलचक नळाच्या टोंकास बांधलेल्या ॲन्टेना दिसूं लागल्या. परंतु या प्रक्षेपकांवरून येत असे तें मुख्यतः दिल्लीचें. म्हणजे मराठी घरांत मराठी चिमणरावांच्या आधीं 'हम लोग'मधील बसेसर राम येऊन बसला. वारा सुटला कीं ॲन्टेना फिरे, मग एकानें गच्चीवर, दुसऱ्यानें जिन्यांत आणि तिसऱ्यानें संचापाशीं उभें राहून "आलें, आलें, गेलें!" असा पुकारा करावयाचा. भाग अर्धा पाहिला कीं वीज जाई. बीडच्या माणसास जुनी मालिका पुन्हां पाहतांना कित्येक प्रसंग अगदीं नवे वाटतात, याचें कारण स्मरणशक्तींत शोधूं नये.

घरीं चित्र पाहण्याचें खरें साधन झालें तें व्हिडिओ. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्तानें रंगीत दूरदर्शन आलें, आणि त्याच सुमारास परदेशांतून येणाऱ्या नातलगांबरोबर व व्यापाऱ्यांमार्फत व्हिडिओ यंत्रें येऊं लागलीं. बीड, आंबेजोगाई, परळी, माजलगांव येथें तें विकत घेणारीं घरें बोटांवर मोजण्याइतकीं. बाकी सर्व भाड्याचा मामला. 'व्हिडिओ आणणें' या दोन शब्दांत दूरदर्शन-संच, यंत्र, फिती आणि तें सर्व लावून देणारा मुलगा इतकें सगळें येत असे. गणपतींत, कोजागरीस, मुंजीच्या आदल्या रात्रीं गल्लींतील चारसहा घरें वर्गणी काढीत आणि पहांटेपर्यंत तीन चित्रपट होत. भाडें रात्रीचें, म्हणून रात्र वसूल करावयाची, हा हिशेब. ओसरीवर संच मांडला जाई. पुढें सतरंजीवर मुलें, मागें खुर्च्यांवर पुरुष, आणि माजघराच्या उंबऱ्याआंत बायका. त्या उंबऱ्याआंतून पडदा तिरपाच दिसे; तेथून कोणीं काय पाहिलें, हें विचारण्याचें कोणास सुचलें नाहीं. पुढें कांहीं घरांत स्वतःचें यंत्र आलें, तेव्हां पुरुषमंडळी कचेरींत आणि मुलें शाळेंत गेल्यावर, दुपारच्या चहाच्या आधीं तीच फीत हळूच पुन्हां लावली जाई. पुन्हां पाहणें म्हणून आपण ज्यास म्हणतों, तें या बायकांच्या बाबतींत पहिलेंच सरळ पाहणें होतें.

जयश्री गडकर यांचें उदाहरण या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंद चित्रगृहांत सुमारें अडीच वर्षें चालला, पण सोवळ्याओवळ्याच्या घरांतील सुना तमाशापट पाहावयास चित्रगृहांत जात, असें नाहीं. त्यांस जयश्रीबाई भेटल्या त्या १९८७ सालीं, 'रामायणां'त, कौसल्येच्या रूपानें. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत ही मालिका रविवारीं सकाळीं चालली. त्या वेळीं स्नानें उरकून, संचास हार घालून, पायताणें बाहेर काढून माणसें कशीं बसत, हें येथें नव्यानें सांगावयास नको. कौसल्येच्या पाठोपाठ फितींच्या दुकानांतून 'मानिनी' आली, 'साधी माणसं' आला, आणि शेवटीं एका दुपारीं 'सांगत्ये ऐका'हि आला. "ही तर आपली कौसल्या," एवढ्या एका परवान्यावर तमाशाची ढोलकी माजघरांत शिरली. कौसल्या आणि दशरथ (बाळ धुरी) हे प्रत्यक्षांतहि पतिपत्नी आहेत, ही बातमी कळली तेव्हां कित्येक घरांत चर्चा झाली. "तरीच तो प्रसंग इतका खरा वाटतो," असें एका पक्षाचें म्हणणें. "खऱ्या नवऱ्यापुढें असें रडणें अधिक कठीण," असें दुसऱ्याचें. आम्हांस दुसरा पक्ष बरोबर वाटतो.

२८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीच्या दिवसांत, दूरदर्शननें हीच मालिका पुन्हां दाखविली. १६ एप्रिलच्या भागास ७ कोटी ७० लाख प्रेक्षक लाभले, असें दूरदर्शननें त्या वेळीं जाहीर केलें. परंतु या आंकड्याहून आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, तेहतीस वर्षांनीं पाहतांना प्रेक्षकाची दृष्टि बदललेली होती. आकाशांत दोन बाण समोरासमोर येऊन टक्कर घेतात, ती गंमत आज पोरकट वाटते. आश्चर्य दाखविण्यासाठीं प्रत्येकाचा चेहरा आळीपाळीनें जवळ आणण्याची रीत तर कंटाळवाणीच. उलट जें त्या वेळीं नजरेंतून निसटलें, तें आतां वर आलें. ललिता पवार यांची मंथरा पाहा. १९४२ सालीं एका चित्रपटाच्या वेळीं थप्पड मारण्याच्या प्रसंगांत खरोखरीच जबर आघात होऊन त्यांच्या डाव्या डोळ्यास कायमची इजा झाली, नायिकेचीं कामें सुटलीं, आणि खाष्ट सासूचीं सुरू झालीं. लहानपणीं आपण त्या डोळ्यास भ्यालों. आतां पाहतांना दिसतें कीं, सत्तरी गांठलेली ही बाई त्या अधू डोळ्यानेंच अभिनय करते. कैकेयीच्या कानाशीं बोलतांना ती चांगला डोळा मिटल्यासारखा करते आणि दुसरा आपल्यावर रोखते. भरताचें काम करणारे संजय जोग १९९५ सालींच गेले. त्यांचा भरत पादुका घेऊन माघारी फिरतो, तेव्हां आजच्या प्रेक्षकास भरताबरोबर त्या नटाचेंहि वाईट वाटतें. हें दुसरें दुःख पहिल्या वेळीं नव्हतें.

आतां पुन्हां चिमणरावांकडे. दिलीप प्रभावळकर यांचा जन्म १९४४ चा. चिमणराव झाले तेव्हां ते तिशींत होते. १९९३ सालीं 'झपाटलेला' या चित्रपटांत ते तात्या विंचू झाले. २००१ सालीं त्यांच्याच 'अनुदिनी' या लेखनावरून टिपऱ्यांची मालिका आली आणि ते आबा झाले. २००६ च्या 'लगे रहो मुन्नाभाई'मध्यें गांधीजी झाले आणि त्या वर्षींच्या कामगिरीसाठीं त्यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुण्याच्या घरानें हा नट ओळीनें म्हातारा होतांना पाहिला. बीडच्या घरानें त्यांस उलट्या क्रमानें पाहिलें! आधीं रुपेरी केसांचे आबा. मग तबकडीवर तात्या विंचू. आणि अगदीं अलीकडे, भ्रमणध्वनीच्या लहानशा पडद्यावर, कृष्णधवल चित्रांतले टोपीवाले, बावरलेले चिमणराव. आमच्या ओळखीच्या एका घरीं आठ वर्षांच्या मुलीनें तें पाहून विचारलें, "आजी, आबा लहान कधीं झाले?" ज्या आजीस तिनें हें विचारलें, त्या आजीनें स्वतः ही मालिका चाळीस वर्षें केवळ दिराच्या तोंडून ऐकली होती. पडद्यावरचे चिमणराव पाहून ती म्हणाली, "भाऊजी ह्याच्यापेक्षां बरें करीत." मग तिनें तो भाग पुन्हां लावावयास सांगितला.

पाहावयास मिळतात ते भाग मात्र थोडे. मुंबई केंद्राच्या पहिल्या वर्षांतील पुष्कळशा कार्यक्रमांची हीच गत आहे. त्या काळीं चित्रफीत महाग, तुटवडा नेहमींचा. प्रक्षेपण झालें कीं तीच फीत पुसून तिजवर दुसरा कार्यक्रम घ्यावयाचा, असा प्रघात होता. यांत एक विलक्षण योग आहे. चिमणरावांचे जनक चि. वि. जोशी बडोद्यास पालीचे प्राध्यापक होते आणि नंतर त्या संस्थानचे राजदफ्तरदार झाले. जुनीं कागदपत्रें जपणें हा ज्याच्या पोटापाण्याचा धंदा, त्याच्याच मानसपुत्राचें दफ्तर असें विस्कळीत झालें. स्वतः चि. विं.नीं यावर एक उत्कृष्ट विनोदी लेख लिहिला असता.

हा प्रमाद आपलाच, असें समजण्याचें कारण नाहीं. इंग्लंडांतील बी.बी.सी.नें 'डॉक्टर हू' या लोकप्रिय मालिकेच्या १९६० नंतरच्या दशकांतील किती तरी भागांच्या फिती अशाच पुसल्या किंवा टाकून दिल्या. त्यांतील नऊ भाग २०१३ सालीं सांपडले ते नायजेरियांतील जॉस गांवीं, एका केंद्राच्या अडगळींत. आणि जे भाग चित्ररूपानें सांपडले नाहींत, त्यांचाहि आवाज शिल्लक आहे. कारण कांहीं शाळकरी पोरांनीं त्या वेळीं दूरदर्शनसमोर ध्वनिमुद्रणाचें यंत्र ठेवून तो उतरून घेतला होता. ज्या कामांत एवढी मोठी संस्था उणी पडली, तें मुलांच्या वेडानें साधलें.

आपल्याहि घरांतून असें वेड होऊन गेलें आहे, आणि त्याचे अवशेष माळ्यावर आहेत. आंबेजोगाईस, जेथें दासोपंतांनीं चारशें वर्षांपूर्वीं कापडावर लिहिलेली पासोडी अद्याप जपून ठेवलेली आहे आणि जेथें योगेश्वरीच्या दर्शनास कोंकणांतलीं कुळें येतात, त्या गांवीं आमच्या नात्यांतलें एक घर आहे. तेथील काकूंस 'महाभारता'तील कृष्णाचें, म्हणजे नितीश भारद्वाज यांचें, फार वेड. १९८९ सालीं त्यांस बाळंतपणासाठीं मुलीकडे जावें लागलें, तेव्हां पुतण्यानें मोठ्या प्रेमानें चार रविवारचे भाग फितीवर उतरवून ठेवले. फीत कोरी नव्हती. तींत आदल्या वर्षींच्या मुंजीचें चित्रण होतें, आणि त्या मुंजींत काकूंचे सासरे, अण्णा, होते. दुसरें त्यांचें हलतें चित्र नाहीं. अण्णा पुढल्याच पावसाळ्यांत गेले. पुतण्यास कोणी फारसें बोललें नाहीं. पण फीत माळ्यावर गेली ती गेलीच, आणि त्या घरांत 'महाभारता'चा विषय निघाला कीं तो मुलगा उठून बाहेर जाई.

दोन वर्षांपूर्वीं त्यानेंच ती पुण्यास नेऊन संगणकावर उतरवून घेतली. तीन तासांची फीत. कृष्णशिष्टाईपर्यंतचे भाग संपले, पडदा थरथरला, पांढऱ्या रेघा आल्या, आणि मग मुंजीची पंगत सुरू झाली. पुतण्याचें मुद्रण जेथें थांबलें होतें त्यापुढचीं सुमारें सात मिनिटें शाबूत राहिलीं होतीं. अण्णा खांद्यावर उपरणें टाकून वाढप्यांस सांगत होते, "अरे, त्या टोंकाला कोशिंबीर नाहीं पोहोंचली." पुतण्यानें दोन्हीं भाग वेगळे करण्याचें ठरविलें होतें. काकू म्हणाल्या, "कृष्ण कापूं नकोस. कृष्ण संपल्यावर अण्णा येतात. तें तसेंच असूं दे."

अशा फिती ज्यांच्याकडे असतील त्यांनीं आतां दिरंगाई करूं नये. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनि अभिलेखागारानें २०१५ सालींच इशारा दिला होता कीं, चुंबकीय फितींवरील जें कांहीं २०२५ पर्यंत उतरवून घेतलें जाणार नाहीं, तें बहुतेक कायमचें जाईल. तें वर्षहि मागें पडलें. फितीपेक्षां यंत्राचा प्रश्न अधिक बिकट आहे: घरगुती व्हिडिओ यंत्रें बनविणाऱ्या फुनाई या शेवटच्या जपानी कारखान्यानें जुलै २०१६ मध्यें तें काम बंद केलें; आतां जीं आहेत तीं दुरुस्त करकरून चालवावयाचीं. पेटीच्या खिडकींतून फितीच्या कडेस पांढरी बुरशी दिसली तर ती फीत उत्साहाच्या भरांत यंत्रांत घालूं नये. यंत्राच्या शीर्षास ती लागते आणि पुढच्या चांगल्या फितीहि नासतात. बीडकडील हवा कोरडी, त्यामुळें बुरशी कोंकणाच्या मानानें कमी. पण पत्र्याखालच्या माळ्यावरची उन्हाळ्यांतील धग आणि धूळ तिची कसर भरून काढतात. फीत पूर्ण गुंडाळून, पुस्तकासारखी उभी, ध्वनिक्षेपकाच्या चुंबकापासून दूर ठेवावी. उतरवून घेण्यास घाईचा मार्ग नाहीं. तीन तासांच्या फितीस तीन तासच लागतात. उतरविल्यावर प्रती दोन असाव्यात व त्या दोन घरीं असाव्यात. घरीं भाजलेल्या तबकड्यांवर एकट्यावर विसंबूं नये, त्याहि फार दिवस टिकत नाहींत. मालिकांचे भाग घरच्यांपुरते ठेवावेत, त्यांचा बाजार मांडूं नये. जुन्या जाहिराती आणि निवेदिकेचें बोलणें मात्र कापूं नये. कित्येकदां मूळ कार्यक्रम इतरत्र मिळतो, तें मिळत नाहीं.

आणि फितींत जें घरचें असेल, तें ओळखणारें माणूस हयात आहे तोंवर शेजारीं वही घेऊन पाहावें. आंबेजोगाईच्या त्या सात मिनिटांत पंगतीस बसलेलीं सव्वीस माणसें दिसतात. काकूंनीं चित्र थांबवून थांबवून चोविसांचीं नांवें व गांवें सांगितलीं. राहिलेले दोघे मुलाच्या आजोळचे, गेवराईकडले असावेत. तिकडे प्रत पाठविली आहे.